बोटाने मोजलेली जमीन

बरेच जण इनबॉक्समध्ये विचारतायत, "इंडोनेशियाला जाऊन आलात म्हणे, बालीचे फोटो कुठे?" बालीचे फोटो नाहीत. बालीत मी विमानतळावरच्या खुर्चीत सहा तास काढले, तेवढीच माझी बाली. आम्ही गेलो होतो फ्लोरेस नावाच्या बेटावर, तिथल्या डोंगरातल्या एका खेड्यात, आणि कारण होतं लग्नाचं. पोस्ट लांब आहे आणि जमिनीबद्दल आहे. सातबाऱ्यावर ज्यांचं नाव आहे, किंवा असायला हवं होतं पण नाही, त्यांनी जरूर वाचावी.

तर झालं असं. माझा मामेभाऊ गेली नऊ वर्षं बालीतल्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. तिथेच कामाला असलेल्या मुलीशी त्याचं जमलं. मुलगी फ्लोरेसच्या पश्चिम भागातल्या मांगराई समाजातली, कॅथलिक. लग्न इकडेच विशेष विवाह कायद्याखाली नोंदवून झालं, तीस दिवसांची नोटीस वगैरे सगळं रीतसर. पण तिच्या आजोबांचा निरोप आला की कागदावर झालं ते सरकारचं लग्न. गावात येऊन वडीलधाऱ्यांसमोर बोलणी होत नाहीत तोवर आमच्या लेखी मुलगी अजून घरातच आहे. म्हणजे मुलाकडचं कुणीतरी मोठं माणूस जायला हवं. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचा, आयुष्यात विमानात बसलेला नाही. सोबत कोण? ज्याच्याकडे पासपोर्ट आहे आणि ज्याला मोडकंतोडकं इंग्रजी येतं तो. म्हणजे मी.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथे जमिनीवरून भावाभावांत कुरबुर चालू आहे आणि हल्ली भाषांतर करून वाचणारं कुणीही कुठेही असतं.

प्रवासाचं थोडक्यात. बंगळुरूमार्गे देनपासार, तिथून छोट्या विमानाने लाबुआन बाजो. उतरल्यावर तीस दिवसांचा व्हिसा विमानतळावरच मिळतो, फी पाच लाख रुपिया. "पाच लाख" ऐकून मामाने भिंतीला हात टेकला. आपले साधारण सत्तावीसशे होतात. नंतर त्याला त्यातली मजा कळली आणि चहाच्या टपरीवरसुद्धा तो लखपतीच्या थाटात नोटा मोजायला लागला.

लाबुआन बाजो म्हणजे कोमोडो ड्रॅगन बघायला जाणाऱ्यांचं बंदर. एकेकाळचं कोळ्यांचं गाव, आता हॉटेलंच हॉटेलं. तिथून रुतेंग हे डोंगरातलं शहर १३० किलोमीटरच्या आसपास, पण चार तास लागतात. करूळ, फोंडा आणि आंबोली हे तिन्ही घाट एकापुढे एक जोडले आणि मध्ये सपाटी ठेवायची विसरलो, तर कसा रस्ता होईल तसा. भाड्याची सामाईक गाडी असते, तिला ते लोक चक्क 'ट्रॅव्हल' म्हणतात. रुतेंग हजार मीटरच्या वर आहे, थंडी वाजते. मामाने कानाला मफलर गुंडाळला आणि खिडकीतून बघत म्हणाला, "फणस, माड, सुपारी, केळ... आपण खय जातव मरे? आचऱ्याक?"

रुतेंगहून पुढे 'ओतो कोल'. हे प्रकरण आपल्याकडे नाही. मालवाहू ट्रकच्या हौद्यावर लाकडी छप्पर ठोकायचं, आत बाकडी टाकायची, झाली बस. टपावर तांदळाची पोती, कोंबड्या, एक मोटारसायकल, आणि पाय बांधलेलं डुकराचं पिल्लू. आत माणसं आणि मोठ्या आवाजात गाणी. कंडक्टर चालू गाडीच्या बाहेर लोंबकळत पैसे घेतो. दोन तास. मग तीन किलोमीटर पायवाट, मामाला एका पोराने मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. ह्याला ते ओजेक म्हणतात. पावसात ओजेक पण बंद असतो. मग आजारी माणूस आला की चादरीची झोळी बांबूला बांधायची आणि चार जणांनी रस्त्यापर्यंत न्यायचा. हे सांगताना तिथल्या बाईच्या आवाजात तक्रार नव्हती. डोल्यांची बातमी मीही आमच्या धनगरवाड्यांवरून कितीदा केली आहे, त्यामुळे मला फार काही नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते गावाच्या तोंडावरच्या फ्लेक्सचं. आपल्याकडे गावात शिरताना फ्लेक्स असतो तो भावी सभापतींच्या वाढदिवसाचा. इथे फ्लेक्स होता तो ग्रामपंचायतीच्या जमाखर्चाचा. ह्या वर्षी केंद्राकडून किती आले, रस्त्याला किती, पाण्याला किती, सरपंचाच्या पगाराला किती, सगळं मोठ्या अक्षरांत, सरपंचाच्या हसऱ्या फोटोसह. फोटो सुटत नाही, तो सगळीकडे सारखाच. २०१४ साली त्यांनी गावांसाठी वेगळा कायदा केला आणि २०१५पासून गावाच्या खात्यात निधी जायला लागला. गावाला सरासरी अब्ज रुपियाच्या आसपास, आपल्या हिशोबाने पन्नास लाखांच्या थोडं वर. भ्रष्टाचार नाही असं मुळीच नाही, सरपंच पकडले जाण्याच्या बातम्या तिथेही असतात. सरपंचांनी जकार्तात मोर्चे काढून मुदत वाढवून मागितली आणि २०२४च्या दुरुस्तीत सहाची आठ वर्षं करून घेतली, हेही खरं. पण आकडे चव्हाट्यावर आहेत. आमच्या तालुक्यात माहितीच्या अधिकाराखाली हेच आकडे मागितले की आधी चहा येतो आणि मग फोन.

सरपंचाला ते 'कपाला देसा' म्हणतात. कपाळ आणि देश. नवरा म्हणजे 'सुआमी', बायको म्हणजे 'इस्त्री', आणि मालमत्तेला शब्द आहे 'हार्ता', जो आपल्या 'अर्था'वरून गेलेला. मामाला हे कळल्यावर त्याने अर्धा दिवस प्रत्येक वस्तूचं नाव विचारून सर्वांना हैराण केलं. फ्लोरेस हे नाव मात्र पोर्तुगिजांचं, फुलांचं. त्या भागातल्या पोर्तुगीज वसाहतींचा कारभार कित्येक वर्षं गोव्यातून चालायचा, आणि १८५९च्या तहात त्यांनी फ्लोरेस डचांना पैसे घेऊन देऊन टाकलं. बेटावर राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. जमीन विकणाऱ्याने तिथे राहायलाच हवं असा नियम तेव्हाही नव्हता.

स्वागत असं झालं. घरात शिरण्याआधी एका माणसाने हातात जिवंत कोंबडा धरून आमच्यासमोर दहा मिनिटं भाषण केलं, मग ताडीसारख्या पेयाचा घडा पुढे ठेवला. मामाने घोट घेतला आणि मला हळूच म्हणाला, "माडीच ही." मग कळलं की आम्ही स्वतः बोलायचं नाही. बोलणी करायला दोन्ही बाजूंनी 'तोंगका' असतो, म्हणजे बोलका मध्यस्थ. आमचा तोंगका आम्हाला त्याच दिवशी भेटला. तो आमच्या वतीने तासभर काय बोलला देव जाणे, पण समोरची माणसं गंभीर होऊन ऐकत होती. मुद्दा असतो वधूमूल्याचा, फ्लोरेसभर त्याला बेलिस म्हणतात. रेडे, घोडे, डुकरं आणि पैसे. आपल्याकडे हुंडा मुलीकडून मुलाकडे, तिथे उलटं. उलटं म्हणजे बरं असं समजू नका, बेलिस फेडण्यात आयुष्य गेलेली घरं आहेत. शेवटी रेड्यांचे पैसे लागले, आणि आम्ही कायमचे त्या घराचे 'बायको घेणारे' झालो. म्हणजे त्यांच्याकडे मर्तिक असो की मुलाचं शिक्षण, निरोप आला की वर्गणी द्यायची. मामेभावाने हे आधी आम्हाला सांगितलं नव्हतं.

आता मूळ विषय.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या आजोबांनी आम्हाला शेत दाखवायला नेलं. आजोबांना तिथे 'ओपा' म्हणतात, डच गेले, शब्द राहिला. ओपांचं वय कुणालाच नक्की माहीत नाही. मुलगी दुभाषी म्हणून सोबत.

मांगराई गावाची शेतजमीन 'लिंगको' नावाच्या मोठमोठ्या गोल तुकड्यांत असते. प्रत्येक लिंगकोच्या मधोमध एक जागा, तिला 'लोदोक' म्हणतात. तिथे तेनो नावाच्या झाडाचा खुंट रोवायचा, बळी द्यायचा, आणि त्या खुंटापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा बाहेरच्या गोल हद्दीपर्यंत ओढायच्या. वरून बघितलं तर हुबेहूब कोळ्याचं जाळं. रुतेंगजवळ चानचारच्या टेकडीवरून अशी भातशेती दिसते, पर्यटक तिथे तिकीट काढून फोटो घेतात.

माप असतं बोटाचं. मध्यावर खुंटापाशी बोटं टेकवायची. ह्या घराला एक बोट, त्या घराला दोन. तिथे बोटभर असलेली जागा रेषा पसरत पसरत हद्दीपाशी पोचेपर्यंत चांगलं शेत होते. वाटप करणारा ठरलेला माणूस असतो, 'तुआ तेनो'. समसमान वाटप असतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मानाच्या घराण्यांना जास्त बोटं. पण खुंट सर्वांचा एकच. पूर्वी काही वर्षं पीक घेऊन ती जमीन पडीक ठेवायचे आणि दुसरीकडे नवा लिंगको उघडून पुन्हा नव्याने वाटप व्हायचं. मग कॉफी आली, लवंग आली. झाड लावलं की ते वीस-तीस वर्षं हलत नाही, त्यामुळे ज्याची झाडं त्याची जमीन असं होत गेलं. गोल मोडून चौकोन व्हायला लागले.

आमचा मामा पस्तीस वर्षं बांधावरच्या भांडणात मुरलेला माणूस. तो खाली बसला, मातीत बोट ठेवलं, आणि बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिला. मग विचारलं, "बांध कोण कोरणा नाय?" मी भाषांतर केलं. ओपा खो खो हसले. कोरतात म्हणे. सगळीकडे कोरतात.

मग ओपांनी एक म्हण सांगितली: गेंदांग ओने, लिंगको पेआंग. गेंदांग म्हणजे ढोल. गावाच्या मानाच्या घरात ढोल टांगलेले असतात, ते घर म्हणजे गाव. ओने म्हणजे आत, पेआंग म्हणजे बाहेर. ढोल आत आणि शेत बाहेर, दोन्ही मिळून एकच वस्तू. शेत गेलं तर ढोल नुसतं कातडं. ह्याला सातबारा नाही, फेरफार नाही. पुरावा काय तर दारासमोरची थडगी. तिथे पूर्वजांना अंगणातच पुरतात, वर फरशी घालतात, त्यावर कॉफी वाळत घालतात. मी विचारलं, कागद मागितला तर काय दाखवणार? ओपांनी थडग्याकडे बोट केलं.

सरकारला थडगं चालत नाही. इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा १९६०चा, २४ सप्टेंबरचा; त्या दिवशी तिथे शेतकरी दिन पाळतात. त्या कायद्याने डचांचा १८७०चा नियम मोडला, ज्यात मालकी सिद्ध न झालेली सगळी जमीन सरकारची मानली जायची. नव्या कायद्यात गावाच्या परंपरागत हक्काला मान्यता आहे, पण पुढे लगेच 'राष्ट्रहिताच्या आड येत नसेल तर' अशी शेपटी आहे. ही शेपटी कुठल्याही भाषेत ओळखू येते.

जंगलाचं तर आणखी वाईट. १९९९च्या वन कायद्याने गावांची जंगलं सरकारी ठरवली. २०१३च्या मे महिन्यात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की परंपरागत जंगल हे सरकारी जंगल नव्हे. मधल्या काळात काय झालं ते मांगराईत सगळ्यांना पाठ आहे. रुतेंगच्या पूर्वेला कोलोल हा जुना कॉफीचा पट्टा. संरक्षित वनात अतिक्रमण म्हणून प्रशासनाने शेतकऱ्यांची कॉफीची झाडं तोडली, माणसं पकडली. १० मार्च २००४ला त्यांना सोडवायला शेतकरी रुतेंगच्या पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबार झाला. सहा शेतकरी मेले, कित्येक जायबंदी झाले. ज्या हद्दीवरून हे झालं ती डचांच्या काळात आखलेली होती. आमच्या ओतो कोलमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने मी पत्रकार आहे म्हटल्यावर पहिलं वाक्य हेच सांगितलं. वीस वर्षांनी.

आणि हे संपलेलं नाही. २०१७ साली सरकारने फ्लोरेसला भू-औष्णिक विजेचं बेट जाहीर केलं. जमिनीखालची वाफ काढून वीज. रुतेंगच्या दक्षिणेला पोको लेओक म्हणून गावांचा समूह आहे, तिथल्या लिंगकोंवर विहिरी खोदायला विरोध चालू आहे; बाया रस्त्यात उभ्या राहतात. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथे बातमी करायला गेलेल्या एका स्थानिक संपादकाला पोलिसांनी धरून मारहाण केल्याचा प्रकार झाला. वीज हवीच आहे, हे तिथले लोकही म्हणतात. आणि वाफेची वीज कोळशापेक्षा स्वच्छ, हेही मान्य. राजापूर तालुक्यात २०२३च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाच्या वेळी जे उभे होते, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. कोण बरोबर कोण चूक, ह्यावर आपण कमेंटमध्ये आधीच भरपूर भांडलोय. मी एवढंच बघितलं, की तिथेही आधी सर्व्हे येतो आणि मग माहिती.

आता ह्यात आमचा प्रश्न कुठून आला? मामेभावाने पैसे साठवले होते. सासरच्या गावाजवळ रस्त्याला लागून कुणीतरी दोन आर जागा विकत होता. हो, आर. तिथेही जमीन 'आरे'तच सांगतात, आपल्या सातबाऱ्यासारखी, दोन आर म्हणजे जवळपास दोन गुंठे. बायकोच्या नावावर घेऊ, छोटं घर बांधू, म्हातारपणी कॉफी पिकवू, असा त्याचा बेत. तिच्या थोरल्या भावाला हा बेत पसंत. गेल्या दहाएक वर्षांत सरकारने गावोगाव मोजणी करून मालकीची प्रमाणपत्रं देण्याची मोहीम लावली आहे; आधीचे अध्यक्ष जोको विदोदो सभांमध्ये लोकांच्या हातात ती वाटायचे. प्रमाणपत्र असलं की बँक कर्ज देते. भावाला पिकअप घ्यायची आहे. ओपांचा विरोध. प्रमाणपत्र झालं की जमीन एकट्याची झाली, एकट्याची झाली की विकली, लाबुआन बाजोत बघा काय झालं.

लाबुआन बाजोत जे झालं ते मी येताना-जाताना पाहिलं. खाडीकडे तोंड करून हॉटेलं, आणि ज्यांनी त्या जागा आधी विकल्या ती माणसं त्याच हॉटेलांत टॉवेल घड्या करतात. मे २०२३मध्ये तिथे आसियानची शिखर परिषद भरली, त्यासाठी नवा रस्ता झाला, आणि त्या रस्त्यात घरं-जमिनी गेलेल्यांची मोबदल्यासाठीची फिर्याद राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यानंतरही चालू राहिली. परदेशी माणसाला तिथे पूर्ण मालकी मिळतच नाही, कायद्यात स्पष्ट बंदी आहे. मग स्थानिकाचं नाव, परदेशी पैसा. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो, मग दाखला कसा 'काढतात' हे देवगड-मालवण-वेंगुर्ल्याच्या कुणालाही विचारा. कायदा सारखा नसतो, पळवाट सारखी असते.

आणि मग रुतेंगच्या नोटरीने खरा बॉम्ब टाकला. मुलगी इंडोनेशियाची नागरिक, जमीन तिच्या देशात, पैसे रीतसर. तरी तिच्या नावावर होणार नाही. कारण लग्नानंतर घेतलेली मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक धरतात, म्हणजे अर्धी परदेशी माणसाची झाली, आणि परदेशी माणसाला मालकी नाही. बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं की तिच्या स्वतःच्या देशात जमीन घ्यायचा तिचा हक्क असा वाऱ्यावर जातो. ह्यावर उपाय म्हणजे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागायचा. घटनात्मक न्यायालयाने २०१६मध्ये निकाल दिल्यापासून लग्नानंतरही करता येतो. एका बाईनेच हा दावा लावला होता, तिने घेतलेली सदनिका ह्याच कारणाने तिला मिळेना म्हणून.

करार करायला मामेभाऊ एका पायावर तयार. अडचण आली घरातून.

मांगराईत मुलगे म्हणजे 'आता ओने', आतली माणसं. मुली म्हणजे 'आता पेआंग', बाहेरची माणसं. तेच दोन शब्द, ढोलाच्या म्हणीतले. जमीन आतल्यांना, म्हणजे मुलग्यांना. मुलीला बापाने मायेने एखादा तुकडा दिला तर दिला, हक्क म्हणून नाही. (ह्याच देशात पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांत वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते, आणि ते कट्टर मुसलमान आहेत. तेव्हा 'त्यांच्यात असंच असतं' ह्या वाक्याला अर्थ नसतो.) तर भावाचं म्हणणं, जागा घ्या, पण नाव माझं लावा. ती बाहेरची झाली, वर परदेशात दिली. कायद्याने बाहेरची, रिवाजाने पण बाहेरची. मुलगी हे सगळं आम्हाला स्वतःच इंग्रजीत सांगत होती, न अडखळता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे.

रात्री सगळे ढोलाच्या घरात चटईवर बसले. ओपांनी मामाला थेट विचारलं, तोंगकाला बाजूला सारून. "तुमच्याकडे मुलींना जमीन मिळते?"

मामा म्हणाला, "कायद्यान मिळता."

हे खरंच आहे. २००५च्या दुरुस्तीपासून मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे, आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंका पण काढून टाकली. महाराष्ट्राने तर १९९४लाच सुरुवात केली होती. मी कौतुकाने हे सगळं भाषांतरात घातलं.

ओपांनी पान चघळत पुढचा प्रश्न विचारला. "मग तुमच्या बहिणींना किती मिळाली?"

ते मला मराठीत सांगावं लागलं. मामाला तीन बहिणी. मधली माझी आई.

आमच्या आजोळच्या सातबाऱ्यावर त्रेचाळीस नावं आहेत. त्यातली कित्येक वारली, वारस नोंदी नाहीत, अर्धी माणसं मुंबईत, दोघं दुबईत. बहिणींची नावं लागलीत, कारण तलाठ्याने वारस तपासाच्या वेळी लावली. आणि नाव लागल्यापासून दर गणपतीत हळूच विषय निघतो, हक्कसोडाचा. साडी-चोळी, माहेरपण, 'तुका काय कमी आसा', सगळं त्यात येतं. कुणी जबरदस्ती करत नाही. आमच्याकडे कोणीच कोणावर जबरदस्ती करत नाही, म्हणूनच बहुतेक बहिणींच्या सह्या होतात. थोरल्या मावशीने केली. आईने "बघूया" म्हटलं, आणि तेव्हापासून आई-मामांच्या बोलण्यात नाचणीएवढा खडा आहे.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सांग त्यांका, अजून वाटप होवक नाय."

मी सांगितलं. ओपांनी मान हलवली. त्यांना ते उत्तर पूर्ण कळल्यासारखं वाटलं. कुणीतरी घडा पुढे केला. त्यानंतर मामा जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहितो. "ही आमच्याकडे आतली. तुमच्याकडे बाहेरची आसात तर तो तुमचो रिवाज. पण पैसे आमच्या झिलाचे आणि तिचे दोघांचे, तर नाव तिचाच लागतला." मालवणीचं मी इंग्रजी केलं, मुलीने त्याचं मांगराई केलं. ते करताना मात्र ती मध्ये थांबली. तिची आई उठून स्वयंपाकघरात गेली.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. ओपांनी शेवटी अट घातली, की जागा तिच्या नावावर घ्यावी, पण कधी विकायची झाली तर आधी गावाला विचारावं, गावाला नको असेल तरच बाहेर. नोटरी म्हणाला ही अट कायद्यात बसवणं कठीण. ओपा म्हणाले, कायद्यात कशाला, ढोलासमोर बोलली म्हणजे झालं. तिने ढोलासमोर सांगितलं. करारावर देनपासारमध्ये सह्या झाल्या, आता खरेदीचं चालू आहे. भावाला पिकअपसाठी मामेभाऊ काही पैसे देतोय, वर्गणीच्या खात्यात.

काही जण म्हणतील, परंपरा चांगली की कागद चांगला ते सांगा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या लोकांनी २०१३मध्ये १९६४च्या ग्रामदान कायद्याखाली आपापल्या जमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या, म्हणजे कागद वापरूनच खुंट एक केला. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं बसून चर्चा केल्या. आमच्या गावात ग्रामसभेला कोरम होत नाही. तेव्हा मी सल्ला देत नाही.

परत आल्यावर मामा आठवडाभर विमानातल्या जेवणाबद्दलच बोलला. हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्या कपाटात आहे, दोन वर्षांपूर्वी मामानेच टाइप करून घ्यायला दिला होता. परवा घरी आला, आईने केलेली आंबोळी खाल्ली, जाताना मला दारात म्हणाला, "तो कागद तुझ्याकडेच ऱ्हवांदे." आणि विचारलं, तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करायला कुणाकुणाच्या सह्या लागतात. कलम ८५ला सगळ्या सहधारकांची संमती लागते, म्हटलं, सगळ्यांची. बहिणींची पण, आणि बहिणींच्या वाट्यासकट. "तर मग यादी कर," म्हणाला.

यादी करतोय. त्रेचाळीसपैकी सत्तावीस जिवंत निघाले, नऊ जणांचे वारस शोधले, सात राहिलेत. त्यातले तीन बोरिवलीला असल्याचं ऐकून आहे. आमच्या वाडीतलं कुणी तिकडे असेल आणि त्यांचा नंबर असेल तर कमेंटमध्ये टाकू नका, मला मेसेज करा.